वाचकांचे प्रश्न : ओटोसिंक्लसचं पोट

काचेला तोंड चिकटवून बसणारा, जेमतेम चार सेंटिमीटरचा ओटोसिंक्लस (थोडक्यात ‘ओटो’) हा टाकीत पाळायचा मासा या वेळच्या पत्रांचा विषय आहे. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘शेवाळ साफ करायला आणले’ अशी आणि शेवट ‘मेले’ असा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मरण्याचं कारण बऱ्याच पत्रांत एकच निघालं, म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : माझी टाकी 60 सें.मी. लांबीची, सुरू करून पाच आठवडे झाले. काचांवर तपकिरी थर आला म्हणून सहा ओटो आणले. ते यायच्या आदल्या दिवशी पाणी बदललं, काचा पुसून लख्ख केल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10. रोज रात्री शेवाळाचा वेफर टाकतो. तरीही आठ दिवसांत एकेक करत चार गेले. अंगावर ठिपका नाही, जखम नाही. चुकलं कुठे?

उत्तर : काचा पुसल्या, तिथे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कोठीतलं धान्य बाहेर काढून टाकावं, तसं झालं हे. पाण्याचे तुमचे आकडे चांगले आहेत. पण पाणी विषारी नाही एवढंच ते सांगतात. टाकीत खायला काय आहे, हे टेस्ट किटला कळत नाही.

हे मासे तुमच्या घरी येईपर्यंत काय काय सोसून येतात ते बघा. विक्रीला येणारे जवळपास सगळे ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडलेले असतात. तिथे काठालगत पाण्यात बुडालेलं गवत, वेली, पानं यांना चिकटून ते दिवसभर चरतात. पकडल्यावर आधी टब, मग निर्यातदाराची टाकी, मग विमानातली पिशवी, मग घाऊक विक्रेता आणि शेवटी दुकान. या वाटेवर कुठेच शेवाळ नसतं. उलट पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी माशांना मुद्दाम उपाशी ठेवतात. शिकार करून खाणाऱ्या माशाला आठवडाभराचा उपास सहज झेपतो. ओटोचं आतडं लांब आणि वेटोळ्यांचं असतं, कमी कसाचं अन्न सतत थोडं थोडं आत येत राहील या हिशोबाने बनलेलं. ते दोन-तीन आठवडे रिकामं राहिलं की मासा स्वतःच्याच अंगावर जगू लागतो. पचनाला मदत करणारे आतड्यातले सूक्ष्मजीवही या काळात घटतात असं मानलं जातं. त्यामुळे पुढे अन्न मिळालं तरी ते अंगी लागत नाही.

एकेक करून मरणं, अंगावर काहीच न दिसणं आणि हे सगळं चार ते पंधरा दिवसांत होणं, ही उपासमारीची खूण आहे. सगळे एका रात्रीत गेले असते तर संशय पाण्यावर घेतला असता.

वेफरचं म्हणाल, तर नव्याने आलेला ओटो वेफरला अन्न म्हणून ओळखतच नाही. वास काढत तळाशी जाणं हे कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या माशाचं काम. ओटो उभ्या काचेवर, पानावर, लाकडावर जे बुळबुळीत लागेल ते खरवडतो. वेफर तळाशी पडतो, बाकीचे मासे तो फस्त करतात, उरलेला सकाळी कापसासारखा फुगलेला दिसतो. खाल्ला कुणी हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

आता उरलेल्या दोघांचं बघू. आज रात्री दिवा घालवायच्या आधी दोघांची पोटं तपासा. ओटो पुढच्या काचेला चिकटला की पोट आयतंच आपल्याकडे असतं. तोंडाच्या चकतीमागे, छातीच्या दोन परांच्या मधून शेपटीकडे बघत जा. धडधाकट माशाचं पोट तिथे फिकट पिवळसर, किंचित फुगीर आणि दोन्ही बाजूंना सारखं गोल असतं. उपाशी माशाच्या त्या जागी खळगा दिसतो, जणू कुणी अंगठ्याने दाबलंय. समोरून पाहिलं तर डोकं मोठं आणि मागचं अंग वाळलेल्या काडीसारखं. डोळेही खोल गेले असतील तर आशा कमी. दुसरी खूण विष्ठेची. खाणारा ओटो दिवसभर हिरवट-तपकिरी बारीक दोरे सोडत असतो. दोरे दिसत नसतील किंवा पांढरे, पारदर्शक दिसत असतील, तर पोटात काही जात नाही असं समजा.

पोट सपाट असेल पण खळगा नसेल, तर मासा वाचतो. मागची आणि बाजूच्या काचा पुसणं आजपासून बंद करा, बघायला पुढची एक पुरे. दिवा रोज आठ तास ठेवा. झुकिनीची एक सेंटिमीटर जाडीची चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून गार करा आणि स्टीलच्या काट्यात खुपसून मासे जिथे बसतात तिथेच, शक्यतो काचेला टेकवून, उभी ठेवा. जागा रोज बदलू नका. पहिले तीन-चार दिवस ते ढुंकूनही बघणार नाहीत. मग एक जण वाट चुकून तिच्यावर चढतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चकती चाळणीसारखी दिसते. चकती 24 तासांत बाहेर काढायची, पाणी 27 अंशांच्या वर असेल तर 12 तासांत. काकडी चालते, पण तिच्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही. पालकाची पानं एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून दगडाखाली दाबली तर जास्त कामाची.

जोडीदार लगेच आणू नका, मोह झाला तरी. ओटो हा कळपाचा मासा आहे आणि दोघंच राहिले तर बिचकून असतात, हे खरं. पण पाच आठवड्यांची टाकी सहा जणांना पोसू शकत नाही. काचेवरचा तपकिरी थर सहा ओटो दोन-तीन दिवसांत संपवतात. टाकी तीन-चार महिन्यांची होऊ द्या, लाकूड आणि पानं हाताला बुळबुळीत लागू द्या, मग आणखी चार आणा.

प्रश्न : झुकिनी रोज देणं जमत नाही. टाकीतलं शेवाळ संपलंय. पर्याय काय?

उत्तर : शेवाळ टाकीबाहेर पिकवायचं. मुठीएवढे गुळगुळीत सहा-आठ दगड घ्या. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फसफसला तर तो चुनखडीचा, पाणी जड करणारा, तो बाद. दोन पारदर्शक बरण्यांत दगड ठेवून टाकीतून पाणी बदलताना निघालेलं पाणी भरा. त्यातलं नायट्रेट हेच शेवाळाचं खत. बरणी दिव्याखाली रोज 10 ते 12 तास ठेवा किंवा खिडकीत, पण भर उन्हात नको, लहान बरणी तापते. पाणी आठवड्याने बदला. दहा-पंधरा दिवसांत आधी तपकिरी, मग हिरवा मऊ थर धरतो. दर दोन दिवसांनी दोन दगड टाकीत, चाटून झालेले दोन परत बरणीत. परत ठेवताना घासू नका, उरलेल्या थरावरूनच नवा लवकर वाढतो. दगडावर निळसर-हिरवा, चादरीसारखा उचलला जाणारा, कुबट वासाचा थर आला तर ते सायनोबॅक्टेरिया. ओटो त्याला तोंड लावत नाही. बरणी ओतून, धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागते.

दुसरा उपाय अगरच्या खाद्याचा. 100 मि.ली. पाण्यात 2 ग्रॅम अगर-अगर पूड घालून दोन मिनिटं उकळा. भांडं खाली उतरवून हाताला सोसेल इतकं गरम असताना 10 ग्रॅम स्पिरुलिना पूड आणि उकळून वाटलेला चमचाभर पालक मिसळा. हे मिश्रण 40 अंशांच्या खाली गेलं की घट्ट होऊ लागतं, म्हणून हात चलाख हवा. कोरड्या, खरबरीत दगडावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर दोन मिलिमीटरचा थर द्या आणि गार झाल्यावर टाकीत ठेवा. जिलेटिन वापरू नका, ते टाकीच्या उबेत मऊ पडून विरघळतं. अगर एकदा घट्ट झालं की 80 अंशांच्या पुढे तापवल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे टाकीत दिवसभर टिकतं आणि ओटोला ते खरवडता येतं. वेफरपेक्षा हे लवकर स्वीकारतात, कारण ते पृष्ठभागाला चिकटलेलं असतं. उरलेलं मिश्रण फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं.

वाळलेली देशी बदामाची पानंही टाकून ठेवा. पान ते थेट खात नाहीत. पान कुजताना त्यावर येणारा थर खातात.

प्रश्न : दुकानात वीस-पंचवीस ओटो एका टाकीत असतात. त्यातले चांगले कसे निवडायचे?

उत्तर : निवडायच्या आधी विचारा, येऊन किती दिवस झाले. कालच आलेले असतील तर घेऊ नका, दहा दिवसांनी या. जे मरायचे ते तोवर मेलेले असतात. हे निष्ठुर वाटेल, पण दुकानातल्या टाकीत जे सगळ्यांत चिवट ठरले तेच घरी नेण्यात शहाणपण आहे. मग काचेला चिकटलेल्यांची पोटं वर सांगितल्याप्रमाणे बघा. जाळी जवळ नेल्यावर झटकन सुटणारा, डोळे स्वच्छ, परांच्या कडा फाटलेल्या नाहीत, तोंडाजवळ लाली नाही असा मासा घ्या. तळाशी वाळूवर सपाट पडून राहिलेला नको. पोट एकाच बाजूने किंवा फुग्यासारखं फुगलेलं असेल तर ते भरलेलं नाही, आजाराचं आहे. जाळी शक्यतो वापरायला देऊ नका. छातीच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि ओढताना मोडतात. भांड्यात हाकलून घेता येतात.

प्रश्न : पिशवी पाण्यावर 15 मिनिटं तरंगवून मासे सोडतो. काही जण तासभर थेंब-थेंब पाणी घालायला सांगतात. खरं काय?

उत्तर : पिशवी किती वेळ बंद होती यावर आहे. दुकान ते घर तासा-दोन तासांचं असेल तर थेंबांची पद्धत उत्तम. पिशवीतलं पाणी आणि मासे बादलीत घ्या, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असं करा. मिनिटाला सहा ते नऊ मि.ली. पडतात, म्हणजे अर्धा लिटर पाण्याचं एक लिटर व्हायला साधारण तास लागतो. बादलीतलं पाणी थंड होऊ देऊ नका.

पिशवी 24 तास किंवा जास्त बंद असेल तर गोष्ट उलटी. माशांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पिशवीतल्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच साठा विषारी होतो. 25 अंशांना पीएच 6.5 असेल तर हजारात दोन भाग विषारी अमोनिया, पीएच 8 असेल तर शंभरात पाच. म्हणजे जवळजवळ तीसपट. अशा पाण्यात मासे तासभर ठेवून थेंब मोजत बसणं म्हणजे त्यांना विषात मुरवणं. पिशवी बंदच ठेवून फक्त तापमान जुळवा, मग उघडून मासे लगेच टाकीच्या पाण्यात घ्या. पिशवीतलं पाणी दोन्ही प्रकारांत टाकून द्या.

सोडल्यावर दिवा त्या दिवसापुरता बंद.

प्रश्न : नव्या ओटोंना वेगळ्या टाकीत ठेवावं का? वेगळ्या टाकीत शेवाळ कुठून आणायचं?

उत्तर : ठेवावं, तीन-चार आठवडे. पण तुमची शंका रास्त आहे. रिकामी, चकचकीत क्वारंटाइन टाकी ओटोला दुकानापेक्षा वाईट. 30-40 लिटरची टाकी घ्या आणि मासे आणायच्या महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये एक जादा स्पंज ठेवून तो मुरवा. मासे येतील त्या दिवशी तो स्पंज, शेवाळलेले चार दगड, जुनं लाकूड आणि दोन-तीन मुरलेली बदामाची पानं तिकडे हलवा. काच उघडी राहिली तर मासे स्वतःच्या प्रतिबिंबावर धडपडतात, म्हणून तीन बाजूंना कागद लावा. दर दोन दिवसांनी 15-20 टक्के पाणी बदला. या टाकीत दुसरा खाणारा कुणी नसतो, त्यामुळे झुकिनी त्यांच्याच वाट्याला येते आणि कोण खातो, कोण नाही हे नीट दिसतं. आमच्या मते क्वारंटाइनचा ओटोसाठी सगळ्यांत मोठा फायदा हाच, रोग अडवण्यापेक्षाही.

प्रश्न : किती लिटर, किती मासे, तापमान, पीएच? एका ओळीत सांगा.

उत्तर : एका ओळीत नाही, पण थोडक्यात. 60 × 30 × 36 सें.मी.ची टाकी वरपर्यंत भरली तर 65 लिटरची, वाळू आणि दगड धरून प्रत्यक्ष पाणी 50-55. तीत सहा ओटो. तापमान 22 ते 26, पीएच 6 ते 7.5, नायट्रेट लिटरमागे 20 मि.ग्रॅ.च्या खाली. आठवड्याला 20-25 टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल तर पाणी रात्रभर उघडं ठेवून भागत नाही, क्लोरीन घालवणारं औषध घालावंच लागतं. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. एक तर मासे ओढले जात नाहीत, आणि त्या स्पंजवर साठणारा थर हे ओटोंचं आवडतं ताट.

सोबतीला छोटे टेट्रा, रासबोरा, कोरीडोरास, कोळंबी. मोठ्या तोंडाचा मासा नको. ओटो गिळताना छातीच्या परांचे काटे ताठ होऊन घशात अडकतात आणि दोघंही मरतात.

प्रश्न : ‘ओटो’ म्हणून घेतलेला मासा चार महिन्यांत 9 सें.मी.चा झाला. इतका वाढतो का?

उत्तर : नाही. ओटो जास्तीत जास्त चार-पाच सेंटिमीटर, मादी नरापेक्षा थोडी मोठी आणि रुंद. तुमच्याकडे बहुधा प्लेकोचं पिल्लू आलं आहे, ज्याला सरसकट ‘सकर’ म्हणतात. विक्रीला येणारा नेहमीचा प्लेको 40 सें.मी.च्या पुढे जातो. पाठ बघा : प्लेकोचा पाठीवरचा पर शिडासारखा मोठा असतो आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर आणखी एक छोटा पर असतो. ओटोला हा दुसरा पर नसतो. ओटोच्या नाकापासून डोळ्यातून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा जातो, प्लेकोच्या अंगावर ठिपके किंवा जाळी असते. सोनेरी अंगाचा, काचेला चिकटणारा आणि दुसऱ्यांचा पाठलाग करणारा मासा असेल तर तो चायनीज अल्गी ईटर. तो दक्षिण अमेरिकेतला नाहीच, आग्नेय आशियातला आहे.

प्लेको परत करा किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. नदी-तलावात मात्र सोडू नका. तो तिथे तगतो, वाढतो, काठात बिळं करून अंडी घालतो आणि मग काढता येत नाही.

खुद्द ओटोतही नावांचा घोळ आहे. पाटीवर बहुतेक वेळा ‘अफिनिस’ लिहिलेलं असतं. तो मासा मुळात ब्राझीलच्या आग्नेय भागातला आणि व्यापारात विरळाच. टाकीत असतात ते सहसा व्हिटाटस किंवा मॅक्रोस्पिलस, मॅक्रोस्पिलसच्या शेपटीच्या बुडाशी मोठा काळा डाग. पट्टेवाला झेब्रा ओटो म्हणजे कोकामा, पेरूमधला, त्याचं शास्त्रीय वर्णन 2004 साली झालं. पाळायची पद्धत सगळ्यांची एकच. ‘ओटोसिंक्लस’ या नावात कान आणि जाळी असे दोन ग्रीक शब्द आहेत. कानाच्या जागी कवटीच्या हाडाला बारीक छिद्रं असतात, त्यावरून.

प्रश्न : काळं, दाढीसारखं शेवाळ ओटो खाईल का?

उत्तर : नाही. काचेवरचे टणक हिरवे ठिपके आणि लांब धाग्यांचं शेवाळही नाही. मऊ हिरवा आणि तपकिरी थर, बस.

प्रश्न : माझे ओटो मधूनच बाणासारखे वर जातात, पृष्ठभागाला तोंड लावतात आणि तितक्याच वेगाने खाली येतात. रोपांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडतो. गुदमरत आहेत का?

उत्तर : वर जाऊन ते हवा गिळतात. ओटोची अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे हवा साठवणारा एक फाटा असतो, त्यातून प्राणवायू रक्तात घेता येतो. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी असं होणं सहज आहे. हीच हवा त्यांना तरंगायलाही मदत करते, म्हणून कधी कधी ओटो पानाखाली उलटा, अधांतरी थबकलेला दिसतो.

तासाभरात पाच-सहा खेपा, एकापाठोपाठ सगळे, आणि गालफडं भराभर हलताहेत, असं असेल तर पाण्यात प्राणवायू कमी किंवा कार्बन डायऑक्साइड जास्त. वेळ नोंदवा. दिवा लागल्यावर तीन-चार तासांनी होत असेल तर गॅस जास्त सुटतोय. बुडबुडे कमी करा, लिटरमागे 30 मि.ग्रॅ.च्या वर जाऊ देऊ नका. पहाटे होत असेल तर रात्री रोपंही प्राणवायू वापरतात हे कारण. गॅस दिव्याबरोबर बंद होईल असा टायमर लावा आणि रात्री एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवा. दोन्ही वेळी होत असेल तर आधी नायट्राइट तपासा.

प्रश्न : दोन ओटो एंजलफिशच्या अंगाला चिकटून बसतात. खेळतात की काय?

उत्तर : अंगावरचा चिकट स्राव खातात. भूक लागलेला ओटो चपट्या, संथ माशाची कूस गाठतो, डिस्कसच्या बाबतीतही हेच. त्या जागी कातडी सोलली जाते आणि तिथे जंतू शिरतात. दोघांना वेगळ्या टाकीत हलवा. भरपूर खायला घालून सवय सुटली तरी पुन्हा एंजलबरोबर ठेवण्यात अर्थ नाही. एंजलच्या तोंडात मावेल असा ओटो उद्या कुणाचा तरी घास होणारच.

प्रश्न : टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. ओटोंना औषध सोसत नाही म्हणतात. मग करायचं काय?

उत्तर : ठिपका दिसतो तेव्हा परजीवी कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून पडतो, तळाशी फुटतो आणि त्यातून निघालेली पिलावळ नवा मासा शोधत पोहते, तेव्हाच मरते. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं ही नेहमीची चूक. शेवटचा ठिपका गेल्यावरही पुढे आठवडाभर चालू ठेवा.

ओटोसाठी तांब्याचं औषध टाळा, कोळंबी आणि गोगलगायी तर त्याने मरतातच. मॅलॅकाइट ग्रीनच्या औषधावर कॅटफिशला चालतं असं लिहिलं असेल तरच वापरा. पहिल्या दिवशी निम्मा डोस देऊन 24 तास निरीक्षण करा, श्वास वाढला नाही तर पुरा करा. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. तापमान बारा तासांना एक अंश या चालीने 28 पर्यंत न्या, त्यापुढे नको. 25 अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे 8.2 मि.ग्रॅ. प्राणवायू मावतो, 30 ला साडेसातच. वर औषधानेही श्वासावर ताण येतो. एअर पंप पूर्ण जोरात ठेवा. दर वेळी पाणी बदलताना तळाशी नळी फिरवून वाळू उपसा, गळलेले परजीवी तिथेच असतात.

मीठ ओटोवर वापरू नये.

प्रश्न : रोपाच्या पानाखाली सुटे, पारदर्शक दाणे दिसले. ओटोची अंडी असतील का? पिल्लं कशी जगवायची?

उत्तर : एकेक किंवा दोन-दोन, मिलिमीटरभराचे, एकमेकांपासून लांब चिकटवलेले असतील तर शक्यता चांगली. जेलीच्या एका लोळ्यात बरेच दाणे असतील तर ती गोगलगायीची. आदल्या दिवशी गार पाणी घातलं होतं का, आठवा. पोटभर खाणाऱ्या कळपात 30 टक्के पाणी दोन-तीन अंश गार घालून बदललं की ओटो अंडी घालतात, पावसाने नदी चढल्यासारखं त्यांना वाटतं म्हणा. मात्र टाकीत कोरीडोरास असतील तर अंडी त्यांची असण्याचा संभव अधिक. त्यांची ठळकपणे मोठी असतात.

पान देठासकट कापून त्याच टाकीत तरंगणाऱ्या जाळीच्या पेटीत ठेवा. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लू पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतं आणि पेटीच्या भिंतीवर शाईच्या पेनाने दिलेल्या स्वल्पविरामासारखं दिसतं. पिशवी संपायच्या आत पेटीत शेवाळलेला दगड आणि मुरलेलं बदामाचं पान असायलाच हवं. तेव्हा तयारी सुरू करणाऱ्याची पिल्लं बहुतेक जगत नाहीत. दिवसातून दोनदा चिमटीतली स्पिरुलिना पूड थेंबभर पाण्यात कालवून ब्रशने पेटीच्या भिंतीवर फासा, पाण्यात विरघळवून ओतू नका. उरलेली पूड दुसऱ्या दिवशी ड्रॉपरने शोषून काढा. पेटीतलं पाणी टाकीच्या पाण्याशी सतत बदलत राहावं म्हणून एअरस्टोन पेटीच्या बाहेर, जाळीच्या अगदी लगत ठेवा. पिल्लं दीड सेंटिमीटरची झाली की टाकीत सोडता येतात, पण त्याआधी मोठ्यांनी काचांवर काय शिल्लक ठेवलंय ते बघून घ्या.